दाब दिला की हाड वाढतं की विरघळतं? क्लिपा, ठिसूळ हाडं आणि हाड खाणाऱ्या पेशी

सावनी_ठाणे
मंडळी, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. लेक नववीत आहे, तिच्या दातांना क्लिपा लावल्यात. परवा तार बदलायला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले की दातावर एका बाजूने सतत हलका दाब ठेवला की तिकडचं हाड विरघळतं आणि दात त्या जागेत सरकतो. बरं, ठीक. त्याच आठवड्यात सासूबाईंचा डेक्सा स्कॅनचा (हाडांची घनता मोजतात तो) रिपोर्ट आला, कमरेची हाडं ठिसूळ झालीयत, आणि त्यांचे डॉक्टर म्हणाले आजी नुसत्या बसून राहू नका, हाडावर भार पडला पाहिजे, भार पडला की हाड धरतं नाहीतर झिजतं. आता एकाच घरात एकीचं हाड दाबामुळे विरघळतंय आणि दुसरीचं दाब नाही म्हणून विरघळतंय. दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत असं धरून चालते, पण मग हाडाला नक्की काय कळतं? गूगल करून पाहिलं तर एकतर जाहिराती नाहीतर डोक्यावरून जाणारे पेपर.

खडूस_काका
हाडाला काही कळत नाही, डॉक्टरांना बिल कळतं. (हलके घ्या. मी पण वाचायला बसलोय.)

यंत्रमानव
छान प्रश्न. मी मेकॅनिकलवाला, डॉक्टर नाही, पण या विषयाची सुरुवातच एका इंजिनिअरपासून झालीय म्हणून आगाऊपणा करतो. झुरिकला कार्ल कुलमान म्हणून इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते, पूल आणि क्रेन यांचं गणित करणारे. १८६६ च्या सुमारास तिथल्याच हर्मान फॉन मायर या शरीररचनेच्या प्राध्यापकांनी मांडीचं हाड उभं कापून आतली जाळी दाखवली, खुब्याजवळ हाड भरीव नसतं, आत बारीक पट्ट्यांची जाळी असते. कुलमानला त्या पट्ट्यांची वळणं अगदी क्रेनच्या वाकलेल्या दांड्यात ताण-दाबाच्या रेषा काढतो तशी दिसली. पुढे बर्लिनचे सर्जन ज्युलियस वोल्फ यांनी १८९२ साली नियमच मांडला की भार जसा बदलेल तशी हाडाची आतली बाहेरची रचना बदलते. टेनिसपटूंचा खेळायचा हात बघा, दंडाच्या हाडाची भिंत दुसऱ्या हातापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने जाड सापडलीय पुरुष खेळाडूंमध्ये. तेव्हा भार म्हणजे वाढ हे मला पटतं. दाताचं मात्र मला कधीच पटलेलं नाही, दाब पडतो तिथे हाड जास्त मजबूत व्हायला हवं, ते पळ काढतं हे वोल्फच्या नियमाच्या बरोबर उलट आहे. दंतकथा ताई इथे असतील तर त्यांनी बोलावं.

दंतकथा
आहे, आहे. पेशंट नाहीत आत्ता म्हणून जरा सविस्तर लिहिते, ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे क्लिपा लावून दात सरळ करणारी डॉक्टर आहे त्यामुळे हा माझा रोजचाच उद्योग.

आधी एक गोष्ट. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्या मध्ये साधारण ०.२ मिमी जाडीचा एक पट्टा असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात त्याला. त्यात तंतू, रक्तवाहिन्या, पेशी आणि बरंचसं द्रव. दात सरकण्याचा सगळा खेळ या पट्ट्यात होतो, हाड तर नंतर येतं. दात आणि हाड एकमेकांना चिकटले, म्हणजे हा पट्टाच गेला, तर मी कितीही ओढलं तरी तो दात हलत नाही. इम्प्लांटही हलत नाही याच कारणाने, म्हणून तर आम्ही हाडात छोटे स्क्रू बसवून त्यांना धरून बाकीचे दात ओढतो.

आता तार बसवली की काय होतं. पहिल्या काही सेकंदात द्रव पिळून बाजूला जातं आणि दात किंचित आत दबतो. काही मिनिटांत दाबाच्या बाजूच्या रक्तवाहिन्या चेपल्या जातात, प्रवाह बदलतो, प्रोस्टाग्लँडिन वगैरे रसायनं सुटायला लागतात. पुढच्या काही तासांत पेशींचं वागणं बदलतं. आणि दोनेक दिवसांनी त्या बाजूच्या हाडाच्या कडेला हाड खाणाऱ्या पेशी, ऑस्टिओक्लास्ट, दिसायला लागतात. त्या कडा खातात, दात सरकतो. विरुद्ध बाजूला तंतू ताणलेले असतात, तिथे नवीन हाड घातलं जातं. नाहीतर दात एका बाजूला गेल्यावर मागे पोकळीच राहिली असती ना. तर सावनी, मुलीच्या एकाच दाताच्या एका बाजूला हाड विरघळतंय आणि दुसऱ्या बाजूला बनतंय, एकाच वेळी.

हे काही नवीन नाही बरं. स्वीडनच्या कार्ल सँडस्टेटने १९०४-०५ मध्ये कुत्र्यांचे दात सरकवून मायक्रोस्कोपखाली हे बघून ठेवलंय. मुलीला दुखतंय का? तार बदलल्यावर काही तास काही वाटत नाही, रात्री ठणका सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पोळी चावणं नको होतं, हे वेळापत्रक याच रसायनांचं आहे.

सावनी_ठाणे
अगदी हेच!! त्या दिवशी दुपारी मिसळ खाऊन आली आणि दुसऱ्या दिवशी वरणभात पण नको म्हणत होती. मग ताई दोन शंका. एक, आपण चावतो तेव्हा दातांवर किती जोर पडतो, मग आपले दात रोज जेवून इकडेतिकडे का जात नाहीत? आणि दोन, जरा जास्त आवळलं तर लवकर नाही का होणार, दोन वर्षं म्हणतायत ते.

दंतकथा
दुसरी शंका प्रत्येक आईबाबांची असते, काही बाबा तर खुर्चीजवळ येऊन हळूच सांगतात मॅडम जरा टाइट करा.

चावताना दाढांवर सहज काही दहा किलोंचा जोर येतो, पण एका वेळी सेकंदभर किंवा त्याहून कमी. तेवढ्या वेळात त्या पट्ट्यातलं द्रव बाहेर पडायलाच वेळ मिळत नाही, ते दातासकट जोर झेलून हाडाकडे देतं आणि मोकळं होतं. दात सरकवायला लागतो तो जोर फार थोडा, नुसता कलवायचा असेल तर ३५ ते ६० ग्रॅम, आत दाबायचा असेल तर १० ते २० ग्रॅम. पण तो टिकून राहावा लागतो. दिवसात साधारण सहा तासांच्या आत जोर काढून घेतला तर फारसं काही घडत नाही असा आमचा अंदाज आहे. अंगठा चोखणाऱ्या लहान मुलांचं बघा, जे थोडा वेळ चोखतात त्यांचं काही बिघडत नाही, जे रात्रभर तोंडात ठेवून झोपतात त्यांचे पुढचे दात बाहेर येतात.

आणि जास्त आवळलं तर उलट उशीर होतो. श्वार्झ यांनी १९३२ मध्येच म्हटलं होतं की दर चौरस सेंटिमीटरला २० ते २६ ग्रॅम, म्हणजे केशवाहिन्यांतल्या रक्तदाबाच्या आसपास, एवढाच दाब योग्य. त्यापुढे गेलात तर रक्तप्रवाह बंद पडतो, त्या भागातल्या पेशी मरतात, पट्टा काचेसारखा एकसंध दिसायला लागतो. आता गंमत अशी की ऑस्टिओक्लास्ट बनायला जिवंत पेशी आणि रक्तपुरवठा लागतो, तिथे दोन्ही नाही. मग त्या शेजारच्या मज्जेच्या पोकळीतून येतात आणि हाड मागच्या अंगाने पोखरत पोखरत पुढे येतात. तोवर दात जागच्या जागी. एक-दोन आठवडे असेच जातात, मग भिंत ढासळते आणि दात एकदम सरकतो. खरं सांगायचं तर हलक्या जोरातही थोडा भाग असा मरतोच, पूर्ण टाळता येत नाही, कमी ठेवणं एवढंच हातात आहे. सरासरी महिन्याला एक मिलिमीटर धरून चाला.

रानवारा
हे वाचून जुनी जखम उघडली. कॉलेजात असताना क्लिपा लावल्या होत्या, नाव घेत नाही, दर वेळी असं आवळायचे की डोळ्यांतून पाणी यायचं आणि वर म्हणायचे दुखलं म्हणजे काम चालू आहे. आता इतक्या वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी एक्सरे काढला तर पुढच्या दोन दातांची मुळं आखूड दिसतायत. याचा संबंध असेल का?

दंतकथा
@रानवारा, मुळं थोडी आखूड होणं हे ऑर्थोच्या बहुतेक पेशंटमध्ये दिसतं, वरचे पटाशीचे दात सगळ्यात जास्त. ज्या पेशी हाड खातात तशाच पेशी मुळावरही काम करतात. मुळाच्या बाहेरचा थर सहसा वाचतो पण मेलेला पट्टा साफ करताना शेजारचं मूळही थोडं खाल्लं जातं. जास्त जोर आणि जास्त काळ हे धोक्याचे, पण अनुवंशिकताही आहे, मुळांचा आकारही आहे, त्यामुळे एक्सरे न बघता अमक्याने आवळलं म्हणूनच झालं असं मी म्हणणार नाही. जोर थांबला की आखूड होणं थांबतं. दात हलत नसतील, हिरड्या चांगल्या असतील तर असे दात वर्षानुवर्षं टिकतात. आणि दुखण्याचं माप लावून काम मोजणं चूकच.

पेशीपुराण
उशिरा येतोय, लॅबमध्ये होतो. हाडांच्या पेशींवरच काम करतो म्हणून राहवलं नाही. प्रश्न दाब की भार असा विचारला तर घोळ होणारच, कारण ऑस्टिओक्लास्टला बहुतेक वेळा दाब थेट कळतच नाही. तिला कोणीतरी सांगावं लागतं. कोण सांगतं, ते बघायचं.

ऑस्टिओक्लास्ट ही मुळात रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या घराण्यातली. मोनोसाइट-मॅक्रोफेज जातीच्या अनेक पेशी एकमेकींत मिसळून एक मोठी पेशी होते, तिच्यात पाच-दहा, कधी वीसही केंद्रकं असतात. ती हाडावर बसते तेव्हा कडेने पक्की चिकटते, भिंतीवर वाटी उपडी दाबून धरावी तशी, आणि आतल्या बंद जागेत आम्ल सोडते. आम्लाने खनिज विरघळतं, मग कॅथेप्सिन के नावाचं एन्झाइम उरलेलं कोलॅजन तोडतं. खालचा खड्डा पुरेसा झाला की सुटून पुढे सरकते. साधारण दोन आठवडे जगते.

ती तयार व्हायला रँकल नावाचं प्रथिन लागतं. आणि रँकलला मध्येच अडवणारं दुसरं प्रथिन म्हणजे ओपीजी. ओपीजी १९९७ मध्ये सापडलं, रँकल १९९८ मध्ये. रँकल जास्त की खाणं वाढलं, ओपीजी जास्त की कमी झालं. हे दोन्ही बनवणाऱ्या पेशी वेगळ्याच आहेत. दाताच्या त्या पट्ट्यातल्या पेशी बनवतात, हाड बनवणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट बनवतात, आणि सगळ्यात मोठा पुरवठा हाडाच्या आत गाडल्या गेलेल्या ऑस्टिओसाइट करतात हे २०११ मध्ये उंदरांवरच्या कामातून पुढे आलं. हाडातल्या ९० टक्क्यांहून जास्त पेशी या ऑस्टिओसाइटच असतात, बारीक नळ्यांतून एकमेकींना हात लावून बसलेल्या.

तर लेकीच्या दातात, दाबाखालच्या पट्ट्यातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिनच्या मार्फत रँकल वाढवतात, जपानमधल्या गटाने या पेशी डिशमध्ये दाबून २००२ ला हे दाखवलं. त्याच गटाने पुढे उंदरांच्या हिरडीजवळ ओपीजीचं जनुक घातलं तर दात सरकणं मंदावलं, रँकलचं घातलं तर वेग वाढला. आजींच्या खुब्यात मात्र चालताना हाड क्षणभर किंचित वाकतं, नळ्यांतलं द्रव पुढेमागे वाहतं, ऑस्टिओसाइटना ते कळतं, आणि त्या रँकल कमी करतात शिवाय स्क्लेरोस्टिन नावाचं, हाड बनणं अडवणारं प्रथिनही कमी करतात. चालणं बंद झालं की उलट. खाणारी पेशी दोन्हीकडे तीच, निरोप देणारे वेगळे.

खडूस_काका
म्हणजे पेशी बिचारी निर्दोष, वरून ऑर्डर आलीय. आमच्या ऑफिसात पण हेच होतं.

यंत्रमानव
@पेशीपुराण, मस्त. पण वाकतं म्हणजे किती? धावताना पायाच्या हाडात जास्तीत जास्त दोन-तीन हजार मायक्रोस्ट्रेन, म्हणजे ०.२-०.३ टक्के असं वाचलंय. एवढ्यावर पेशीला काय कळणार?

पेशीपुराण
इथेच तुमच्या इंजिनिअरिंगची गरज पडते. डिशमध्ये पेशी ताणून बघितलं तर बऱ्याचदा एक टक्का किंवा त्याहून जास्त ताण दिल्याशिवाय त्या नीट प्रतिसाद देत नाहीत, आणि जिवंत हाड तेवढं ताणलं तर मोडायच्या वाटेला लागेल. म्हणून नळ्यांतल्या द्रवाची कल्पना आली, हाड किंचित वाकलं तरी अरुंद नळीत द्रवाचा वेग आणि नळीत पेशीला धरून ठेवणाऱ्या धाग्यांवरची ओढ मोठी होते. पेशीच्या पडद्यावर पिएझो१ नावाचे चॅनेल असतात जे ढकललं की उघडतात, या चॅनेलच्या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आणि हाडाच्या पेशींत त्याचं महत्त्व २०१९ पासून दिसायला लागलं. अवांतर, हाड वाकवलं की त्यात वीज तयार होते हे जपानच्या फुकाडा आणि यासुदा यांनी १९५७ लाच दाखवलं होतं, बरीच वर्षं सगळे त्या विजेच्याच मागे होते. आता विजेला तेवढं महत्त्व देत नाहीत.

यंत्रमानव
बरं मग माझा मूळ आक्षेप. पट्टा दाबला म्हणून पट्ट्यातल्या पेशी बोलल्या, मान्य. पण त्याच्या पलीकडे हाड आहेच ना, त्यात ऑस्टिओसाइट आहेत, त्यांना दाब कळला तर त्यांनी रँकल कमी करायला हवं. एकाच ठिकाणी दोन पेशी दोन उलट निरोप देतायत का?

दंतकथा
@यंत्रमानव, तुम्ही बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, आमच्या क्षेत्रात यावर वाद आहेच. डेन्मार्कच्या बिर्टे मेल्सन यांचं म्हणणं असं की दाबाच्या बाजूला हाडावर दाब वाढतो हेच चुकीचं चित्र आहे. एरवी दात तंतूंनी हाडाला ओढून धरलेला असतो, चावताना हे तंतू हाडाला सतत ताण देत असतात. दात त्या बाजूला कलला की तिकडचे तंतू सैल पडतात, आणि हाडाला रोजची खुराक मिळायची बंद होते. म्हणजे तिथलं हाड वापराविना पडलेल्या हाडासारखं खाल्लं जातं. तसं असेल तर वोल्फचा नियम मोडतच नाही! आणि जोर जास्त असेल तिथे रक्तपुरवठा तुटून पेशी मरतात, त्या मेलेल्या भागाची साफसफाई हे वेगळं खाणं.

पेशीपुराण
मला मेल्सन यांचं मत आवडतं पण पूर्ण पटत नाही. दाबलेल्या पट्ट्यात प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन सगळं वाढलेलं दिसतं, ही सरळ सरळ छोटी सूज आहे, आणि सूज असली की ऑस्टिओक्लास्ट येतातच, संधिवातात येतात, पायोरियात येतात. नुसत्या सैल तंतूंनी एवढा दंगा होणार नाही.

दंतकथा
सूज आहेच, नाही कोण म्हणतंय. म्हणून तर आम्ही दुखलं तर आयब्युप्रोफेन रोज रोज घेऊ नका, पॅरासिटामॉल घ्या म्हणतो, प्रोस्टाग्लँडिन दाबलं तर दात सरकणं मंदावू शकतं. पण तुम्ही डिशमध्ये पेशींवर वजन ठेवून बघता, तिथे तंतूंचं जाळं नाही, चावणं नाही.

पेशीपुराण
हे मान्य. आणि ऑस्टिओक्लास्टलाच थेट ताण दिला तर काय होतं याचे निकाल तर एकमेकांना छेद देणारे आहेत, कोणाकडे संख्या घटते, कोणाकडे वाढते, किती जोर दिला आणि पेशी कोणत्या वयाच्या घेतल्या त्यावर फिरतं.

यंत्रमानव
मला वाटतं वेळ हा यातला खरा मुद्दा आहे. नुसता किती जोर विचारून चालणार नाही, बदलता आहे की अडकवून ठेवलेला हे विचारा. स्थिर आणि बदलत्या भाराची तुलना कोणी केली असेल ना?

पेशीपुराण
केलीय, आणि सुंदर प्रयोग आहे. रुबिन आणि लॅनियन यांनी १९८४ मध्ये पक्ष्याच्या पंखातलं एक हाड शस्त्रक्रियेने नेहमीच्या भारापासून तोडलं आणि बाहेरून यंत्राने हवा तेवढा भार दिला. काहीच भार नाही, तर हाड झिजलं. दिवसातून फक्त ४ वेळा भार दिला, झिज थांबली. ३६ वेळा दिला, हाड वाढलं. मग ३६० आणि १८०० वेळा दिला, तरी त्याहून जास्त वाढलं नाही. आणि यंत्रमानव यांचा मुद्दा, तोच भार नुसता लावून तसाच ठेवला तर? हाड भार नसल्यासारखंच झिजलं. हाडाच्या पेशीला बदल कळतो, चिकटून बसलेला भार कळत नाही. शिवाय त्या लवकर सरावतात, काही तास विश्रांती दिली की परत तरतरीत होतात, म्हणून व्यायाम एका दमात उरकण्यापेक्षा सकाळ-संध्याकाळ वाटून केलेला हाडाला जास्त मानवावा असं प्राण्यांवरचे प्रयोग सांगतात.

सावनी_ठाणे
बाप रे दिवसातून ३६ वेळा फक्त! मग सासूबाईंनी काय करायचं ते सांगा कोणीतरी. त्यांचं चालणं आहे रोज, कॉलनीत तीन-चार फेऱ्या मारतात मैत्रिणींबरोबर, गप्पा जास्त. गुडघे जरा कुरकुरतात.

फिजिओ_सांगली
वाचनमात्र होते, आता लिहिते. चालणं चांगलंच आहे, तोल आणि स्नायू दोन्हीसाठी, पण रोजचं सपाट चालणं हाडाला नवीन वाटत नाही म्हणून हाड वाढवायला ते पुरत नाही. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, हाडाला फारसा उपयोग नाही, स्पर्धात्मक सायकलपटूंची हाडं उलट पातळ निघतात. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं पातळ झालेल्या बायकांकडून आठवड्यातून दोनदा अर्धा तास जड वजनं आणि थोडं आदळणारं काम करून घेतलं, आठ महिन्यांनी कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. पण ते सगळं प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली होतं हे विसरू नका, हे वाचून आजींच्या हातात पाण्याची कळशी देऊ नका. आधी मणक्याचा एक्सरे, मग खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, कठडा धरून टाचा उचलून खाली टेकवणं, मग हळूहळू वजन. पुढे वाकून उचलणं पूर्ण बंद, दबलेला मणका तिथेच फुटतो.

खडूस_काका
आणि अंतराळवीर? त्यांना तर भारच नाही.

पेशीपुराण
काका, त्यांचं अगदी वाईट होतं. खुब्याचं हाड महिन्याला साधारण १ ते दीड टक्का जातं, जमिनीवर म्हातारपणी वर्षभरात जेवढं जाईल तेवढं. म्हणून स्पेस स्टेशनवर रोज दोनेक तास व्यायाम असतो, पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलवर खाली ओढून धरून पळतात. सुनीता विल्यम्स तिथे २००७ मध्ये बोस्टन मॅरेथॉन पळाल्या होत्या. २००८ नंतर वजन उचलल्यासारखा जोर देणारं यंत्र आलं तेव्हापासून परिस्थिती बरीच सुधारली.

रानवारा
मग सैन्यात भरती झालेल्या पोरांची पायाची हाडं मोडतात ती कशी? चुलतभाऊ ट्रेनिंगमध्ये असताना नडगीला बारीक चीर पडून परत आला होता. त्यांना तर भार भरपूर.

पेशीपुराण
हा प्रश्न भारी आहे आणि जुना पण आहे, प्रशियन सैन्याच्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टरांनी १८५५ मध्येच कूच करून पाय सुजलेल्या सैनिकांचं वर्णन करून ठेवलंय. एकदम जास्त भार आला की हाडात सूक्ष्म चिरा पडतात, चिरेजवळच्या ऑस्टिओसाइट मरतात, शेजारच्या रँकल वाढवतात, ऑस्टिओक्लास्ट येऊन खराब भाग काढून टाकतात. दुरुस्तीच चाललीय. पण काढायला दोन-चार आठवडे लागतात आणि भरायला चार-सहा महिने. मधल्या काळात हाड सच्छिद्र असतं आणि पोरगा रोज परेड करतोय. तेव्हा भार वाढवायचा तो टप्प्याटप्प्याने, हे आजींना पण लागू आणि भरतीच्या पोरांना पण.

यंत्रमानव
थोडक्यात देखभालीसाठी लाइन बंद न करता पार्ट काढून घेतले.

मधुरा_दुबई
धागा वाचून एक विचारायचंय. माझ्या आईला हाडांसाठी सहा महिन्यांनी इंजेक्शन असतं आणि आता दाढ काढायला सांगितलीय. कुठेतरी वाचलं जबडा सडतो म्हणून घाबरलीय ती.

दंतकथा
@मधुरा, सहा महिन्यांनी असतं ते बहुधा डेनोसुमॅब, म्हणजे वर पेशीपुराण यांनी सांगितलेल्या रँकललाच धरून ठेवणारं औषध. ऑस्टिओक्लास्ट बनणंच थांबतं. आठवड्याच्या गोळ्या किंवा वर्षाचं सलाइन असतं ते बिस्फॉस्फोनेट, ते खाणाऱ्या पेशीलाच निकामी करतं. दोन्हींत जबड्याचं हाड भरून न येण्याचा धोका आहे पण ठिसूळ हाडांसाठीच्या डोसला तो फार कमी असतो, कॅन्सरसाठी मोठे डोस असतात तिथे जास्त. काढण्याआधी दंतवैद्याला औषधाचं नाव आणि शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घाबरून इंजेक्शन स्वतःच्या मनाने पुढे ढकलू नका. डेनोसुमॅबचा असर संपला की दाबून ठेवलेल्या पेशी एकदम उसळतात आणि मणके मोडल्याच्या केसेस आहेत. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून तारीख ठरवायची. मोठ्या वयात क्लिपा लावायच्या असतील तर मलाही हे आधी कळायला हवं, कारण हाड खाल्लंच जात नसेल तर मी ओढून दात कसा सरकणार.

सावनी_ठाणे
सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून सासूबाईंना वाचायला दिलंय, फिजिओंचा भाग त्यांनी पेनने खूण करून ठेवलाय. ताई शेवटचं एक, लेकीला आता रबर बँड दिलेत, चोवीस तास लावायला सांगितलेत आणि ती शाळेत लाजते म्हणून घरी आल्यावर लावते. रात्री दोन दोन लावून भरून काढते म्हणे.

दंतकथा
हे अजिबात चालणार नाही, हात जोडून सांगा तिला. रात्री डबल लावले की जोर डबल, म्हणजे पट्टा मरणार आणि दात अडकणार, आणि दिवसभर काढले की मधल्या पेशींचं काम थांबणार. सिंगलच, जेवताना आणि ब्रश करतानाच काढायचे, आणि डब्यात एक पाकीट जास्तीचं ठेवायचं, तुटला की तिथल्या तिथे बदलायचा. क्लिपा निघाल्यावर रिटेनरचं (दात परत सरकू नयेत म्हणून लावायचं ते) पण आत्ताच मनावर घ्या. हाड काही महिन्यांत बसतं पण हिरडीतले तंतू ताणलेलेच राहतात, त्यांना वर्षभर किंवा जास्त लागतं सैल व्हायला. माझ्याकडे लग्नाच्या आदल्या महिन्यात रडत येणारी निम्मी मंडळी रिटेनर कपाटात ठेवलेली असतात.